टायमरवरची कॉफी कडू, फिकी किंवा वास गेलेली: कॉफी मेकर स्वयंचलित करताना नेमकं काय बिघडतं

रात्री झोपण्यापूर्वी ड्रिप मशीनमध्ये पाणी आणि पूड भरायची, स्मार्ट प्लगवर सकाळी सहाची वेळ लावायची, उठल्यावर तयार कॉफी ओतून घ्यायची. हा बेत घरोघरी केला जातो आणि त्यावरची तक्रारही ठरलेली असते: हाताने बटण दाबून केली तर छान लागते, टायमरवर केली की बिघडते. बीन्स त्याच, मशीन तेच, माप तेच.

फरक पडतो तो दोन प्रतीक्षांमुळे. दळलेली पूड पाण्याची वाट पाहते आणि तयार कॉफी पिणाऱ्याची. हाताने करताना दोन्ही वेळ मिनिटांत मोजता येतात. टायमर लावला की पहिली प्रतीक्षा सात-आठ तासांची होते आणि दुसरी, अलार्म दोनदा पुढे ढकलला तर, सहज अर्ध्या तासाची. प्लगला यातलं काहीच कळत नाही. तो फक्त वीज चालू-बंद करतो. म्हणून आधी हे ठरवा की तुमच्या कपात कोणती प्रतीक्षा बोलते आहे. एके रात्री नेहमीसारखी पूड भरून ठेवा, पण सकाळी शेवटचा थेंब पडताच कॉफी ओतून प्या. चव चांगली आली तर दोष पूड भरून ठेवण्याचा नाही, जगाखालच्या हॉट प्लेटचा आहे. तरीही फिकी लागली तर दुसऱ्या दिवशी पूड सकाळी दळून त्याच प्लगवर करून पाहा. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

पुढचं सगळं साध्या ड्रिप मशीनबद्दल आहे: ६०० ते १००० वॅट, काचेचा जग, खाली हॉट प्लेट आणि खट्‌ आवाज करणारं यांत्रिक बटण. यातल्या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे. ज्या मशीनवर टच बटण किंवा डिस्प्ले असतो ते वीज आल्यावर बहुधा नुसतं जागं होतं, चालू होत नाही. तसं मशीन असेल तर त्याचाच टायमर वापरावा, प्लगच्या भानगडीत पडू नये. तपासणी सोपी आहे: बटण चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करा, दहा सेकंदांनी लावा. पाणी तापायला लागलं तर मशीन प्लगसाठी योग्य.

चालूच होत नाही, किंवा भलत्याच वेळी होतं

किती तास चुकतात ते पाहा, कारण त्या आकड्यातच बहुतेक वेळा उत्तर असतं. सहाची वेळ लावली आणि मशीन साडेअकराला सुरू झालं, तर प्लग यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालला आहे. पहाटे साडेतीनला झालं तर तो चीनच्या वेळेवर आहे. ॲपमध्ये टाइम झोन कोलकाता निवडला की हे संपतं.

वीज जाऊन आल्यावर गोंधळ होत असेल तर दोन वेगळी कारणं असतात. पहिलं, वीज परतल्यावर प्लगने काय करायचं याची सेटिंग. ती ‘चालू’ किंवा ‘आधीची स्थिती’ अशी असेल तर रात्री दोनला वीज आली की कॉफीही दोनला होऊ शकते. ती ‘बंद’ हवी. टास्मोटा (स्मार्ट प्लगवर घालता येणारं मुक्त सॉफ्टवेअर) घातलेल्या प्लगवर पॉवरऑनस्टेट ही सेटिंग ० ठेवावी. दुसरं कारण घड्याळाचं. बहुतेक स्मार्ट प्लगमध्ये स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वीज आल्यावर ते वेळ इंटरनेटवरून घेतात. राउटर उशिरा जोडला गेला किंवा जोडलाच गेला नाही तर प्लगला सहा वाजलेले कळत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, मात्र कॉफी मेकर घेऊ नका; ९०० वॅटच्या भाराला घरगुती छोटा इन्व्हर्टर टिकत नाही. जिथे भारनियमन रोजचं आहे तिथे बॅटरी असलेला साधा डिजिटल टायमर प्लग जास्त भरवशाचा. चकतीवर खुंट्या असलेला यांत्रिक टायमर घेऊ नये, कारण वीज जितका वेळ जाते तितकं त्याचं घड्याळ मागे पडतं.

प्लगची क्षमताही पाहून घ्या. ९०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ४ अँपिअर, ६ किंवा १० अँपिअरच्या प्लगला ते झेपतं. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर खेचते, तिला ६ अँपिअरचं सॉकेट पुरत नाही; १६ अँपिअरचं सॉकेट आणि प्लग घ्यावा. प्लगचं प्लास्टिक हाताला गरम लागत असेल तर पिना सैल आहेत. आधी सॉकेट बदला.

कडू, जळकट, घशाला लागणारी

ही दुसरी प्रतीक्षा. काचेच्या जगातली कॉफी हॉट प्लेटवर राहिली की पाणी उडून ती दाट होत जाते, वास निघून जातो आणि उष्णतेमुळे तिच्यातली आम्लं बदलत राहतात. पंधरा-वीस मिनिटांनी फरक स्पष्ट कळतो, पाऊण तासाने ती कॉफी ओतून देण्याच्या लायकीची होते. युरोपात १ जानेवारी २०१५ पासूनच्या नियमानुसार साध्या जगाच्या ड्रिप मशीनची प्लेट जास्तीत जास्त ४० मिनिटांत आपोआप बंद व्हावी लागते आणि इन्सुलेटेड जग असेल तर मशीन ५ मिनिटांत. तिकडे घेतलेलं मशीन असेल तर सुरक्षितता आहे, पण चवीच्या दृष्टीने ४० मिनिटंही फार झाली.

साध्या मशीनमध्ये पाणी उकळणारा आणि प्लेट तापवणारा हीटर एकच असतो. टाकीत पाणी आहे तोवर तो सलग पूर्ण वॅट घेतो. पाणी संपलं की तापमान चढतं, थर्मोस्टॅट त्याला तोडतो, आणि मग प्लेट गरम ठेवण्यासाठी तो थांबून थांबून चालू होत राहतो. वीज मोजणाऱ्या प्लगला हे लख्ख दिसतं: चार-पाच मिनिटं ९०० वॅट, मग एकदम जवळपास शून्य. होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) नियम असा करा: वॅट ५०० च्या वर गेल्यानंतर २० च्या खाली येऊन सलग ३० सेकंद राहिले तर प्लग बंद. मिनिटं मोजून प्लग बंद करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण पाणी कमी-जास्त भरलं तरी नियम चुकत नाही. वीज मोजणारा प्लग नसेल तर हाताने एकदा वेळ मोजा आणि त्यात एक मिनिट मिळवून तिथे बंद करा.

प्लेट बंद केल्यावर कॉफी थंड होणार. म्हणून खरा उपाय सुरुवातीची वेळ हलवण्यात आहे. मशीन घड्याळावर चालवू नका, माणसावर चालवा. अँड्रॉइड फोनवरचं होम असिस्टंट ॲप पुढच्या अलार्मची वेळ सेन्सर म्हणून देतं. अलार्म वाजेल त्याच क्षणी मशीन सुरू करा. तोंड धुऊन स्वयंपाकघरात येईपर्यंत पाच-सहा मिनिटं जातातच, तेवढ्यात अर्धा लिटर तयार होतं. हे जमत नसेल तर न्हाणीघराच्या दिव्याचा स्विच किंवा पलंगाजवळचं एखादं वायरलेस बटणही पुरतं. उठण्याआधी कॉफी तयार असण्याचा हट्ट सोडला की या लेखातली निम्मी तक्रार उरत नाही.

फिकी, वास नसलेली

ही पहिली प्रतीक्षा आणि दोन्हींत ही जास्त अवघड, कारण ती पूर्ण टाळता येत नाही. भाजलेल्या बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड आणि वासाची द्रव्यं अडकलेली असतात. दळलं की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि दोन्ही झपाट्याने बाहेर पडतात. उघड्या बास्केटमध्ये (मशीनमधलं पूड भरायचं भांडं) रात्रभर राहिलेल्या पुडीचा कडवटपणा तसाच राहतो, वरचा वास मात्र गेलेला असतो. त्यात मुंबई-कोकणाचा पावसाळा असेल तर पूड हवेतली ओल धरते.

सगळ्यात जास्त नुकसान एका सवयीने होतं: संध्याकाळची कॉफी झाल्यावर त्याच मशीनमध्ये लगेच सकाळची पूड भरणं. बास्केट ओली, आत वाफ कोंडलेली, पूड रात्रभर त्यात. आधी मशीन पूर्ण गार होऊ द्या, बास्केट पुसून कोरडी करा, कोरडा फिल्टर पेपर लावा, झोपण्याच्या अगदी आधी दळा आणि झाकण नीट बंद करा. बीन्स भाजून एक ते तीन आठवडे झालेल्या असतील तर रात्रीचा तोटा त्या बऱ्यापैकी सोसतात. दोन महिन्यांच्या बीन्स नाही सोसत.

अंगभूत ग्राइंडर असलेलं मशीन यावर उत्तर वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. त्याची दुखरी जागा म्हणजे ग्राइंडरमधून बास्केटमध्ये पूड येण्याची नळी. खालून वाफ चढते, नळी ओलसर होते, पूड चिकटते, आणि दिवसागणिक बास्केटमध्ये पडणारी पूड कमी होत जाते. कॉफी हळूहळू पातळ होत असेल तर माप वाढवण्याआधी ती नळी कोरड्या ब्रशने साफ करा. कॉफी झाल्यावर झाकण अर्धा तास उघडं ठेवण्याची सवय लावा.

आता जी गोष्ट प्लगमुळेच शक्य होते ती. हाताने ओतून कॉफी करणारे आधी पुडीच्या दुप्पट पाणी घालून अर्धा मिनिट थांबतात, म्हणजे अडकलेला वायू निघून जातो आणि पुढचं पाणी सगळ्या पुडीला सारखं भिजवतं. साधं ड्रिप मशीन थांबत नाही. प्लग त्याला थांबवू शकतो.

३० ग्रॅम पूड आणि ५०० मिलिलिटर पाणी धरा. पहिल्या टप्प्यात ६० ग्रॅमच्या आसपास पाणी पडायला हवं. हिशेब असा: २५ अंशाचं पाणी उकळीजवळ नेण्यासाठी दर ग्रॅमला साधारण ३०० जूल लागतात, म्हणजे ९०० वॅटचं मशीन नुसत्या गणिताने सेकंदाला ३ ग्रॅम पाणी देईल, वाफ आणि गळती धरून प्रत्यक्षात अडीचच्या आसपास. ६० ग्रॅमसाठी २४-२५ सेकंद. पण चालू केल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत जाणारा वेळ यात मिळवावा लागतो, आणि तो प्रत्येक मशीनचा वेगळा. म्हणून आधी पूड न घालता चाचणी घ्या. मशीन पूर्ण गार असताना ५०० मिलिलिटर पाणी भरून चालू करा, पहिला थेंब कितव्या सेकंदाला पडला ते लिहा, त्यानंतर २० सेकंदांनी बंद करा. मिनिटभर थांबून जगातलं पाणी वजनकाट्यावर मोजा. बंद केल्यावरही उरलेल्या उष्णतेने थोडं पाणी येतं, ते यात धरलं जातं. ६० ते ७० ग्रॅम येईपर्यंत सेकंद कमी-जास्त करा. दर चाचणीपूर्वी मशीन पुन्हा गार व्हायला हवं. पहिला थेंब ३५ व्या सेकंदाला पडत असेल तर नियम साधारण असा होतो: ६० सेकंद चालू, ४० सेकंद बंद, मग शेवटपर्यंत चालू. दुसऱ्या वेळी पाणी लवकर येतं, कारण नळी गरमच असते. चाळीस सेकंदांच्या वर थांबू नका, पुडीचा थर गार होतो.

कॉफी झाल्यावर प्लग बंद करण्याचा आधीचा नियम आणि हा नियम एकत्र लावताना एक अडचण येते. मधल्या ४० सेकंदांत वॅट शून्यच असतात, त्यामुळे ‘२० च्या खाली’ हा नियम तिथेच कॉफी झाली असं समजतो. तो दुसऱ्यांदा चालू केल्यानंतरच जागा करावा.

कधी छान, कधी पातळ आणि आंबट

चव रोज वेगळी येत असेल तर विजेचा दाब मोजा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर ९०० वॅट देणारं मशीन २०० व्होल्टवर जेमतेम ६८० वॅट देतं. वरच्या उदाहरणात पहिला थेंब ३५ ऐवजी ४६ व्या सेकंदाला पडेल, आणि ६० सेकंदांत ६० ग्रॅमऐवजी २५-२६ ग्रॅमच पाणी येईल. पूड अर्धीच भिजते, पुढचं पाणी ओल्या वाटेने निघून जातं, कॉफी आंबट लागते. खेड्यात, आणि उन्हाळ्यात शहराच्या काही भागातही, हे नेहमीचं आहे. उपाय: सेकंद मोजण्याऐवजी खर्च झालेली वीज मोजा. ९०० वॅट गुणिले ६० सेकंद म्हणजे १५ वॅट-तास. प्लगचं वाचन दर एक-दोन सेकंदांनी येत असेल तर १५ वॅट-तास झाले की थांबवा, व्होल्टेज काहीही असो. वाचन सावकाश येत असेल तर २१० व्होल्टच्या खाली पहिला टप्पा १५ ते २० सेकंद वाढवणारी वेगळी अट ठेवा.

आंबटपणाचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे दहा कपांच्या मशीनमध्ये दोन कप करणं. सुरुवातीचं पाणी नेहमी कमी गरम असतं. थोडंच पाणी भरलं तर सगळं काम त्या कमी गरम पाण्यातच उरकतं, शिवाय रुंद बास्केटमध्ये पुडीचा थर पातळ बसतो. टाकी निदान अर्धी भरा. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचे घरगुती मशीनचे निकष पाणी ९२ ते ९६ अंश आणि वेळ ४ ते ८ मिनिटं असे आहेत. स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर पुडीत खोचून एकदा पाहाच. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, तिथे ९६ चा नाद धरण्यात अर्थ नाही.

माप: काळी पिणार असाल तर लिटरला ५५ ते ६० ग्रॅम. आपल्याकडे बहुतेक जण दूध घालतात, त्यांनी ७० ते ७५ ग्रॅम घ्यावी. दूध टाकीत कधीही घालू नका.

पाण्याबद्दल थोडक्यात. मुंबईचं नळाचं पाणी मऊ आहे, तिथे गाळून घेतलेलं चालतं. आरओचं पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ३०-४० वर आलेलं असेल तर कॉफी पोकळ लागते. त्यात नळाचं पाणी मिसळून ७५ ते १५० पर्यंत आणा. बोअरवेलचं ४००-५०० टीडीएसचं पाणी चव मारतं आणि मशीनही.

बास्केट ओसंडून ओट्यावर चिखल

स्वयंचलित कॉफीतला हा सर्वांत वैतागाचा प्रकार, कारण थांबवायला कोणी उभं नसतं. आधी जग नीट आत सरकवलेला होता का ते पाहा. जग काढला की थेंब थांबवणारी झडप जगाच्या झाकणानेच उघडते. जग बोटभर बाहेर राहिला तरी ती बंद राहते.

जग जागेवर असेल तर दळण पाहा. माटुंग्यासारख्या ठिकाणी दुकानातून नुसतं ‘फिल्टरसाठी’ म्हणून दळून घेतलं की स्टीलच्या फिल्टरचं बारीक दळण हातात पडतं, कागदातून ते पाणी सोडत नाही. ‘ड्रिप मशीन, कागदी फिल्टर’ असं स्पष्ट सांगा; बोटांत घेतल्यावर जाड रव्यासारखं लागलं पाहिजे. चिकोरी हे दुसरं कारण. पाकिटावर तिचं प्रमाण छापलेलं असतं आणि ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकतं. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि कागद बुजवते. टायमरवर चालवायचं असेल तर चिकोरी १५-२० टक्क्यांच्या वर नको; जास्तच आवडत असेल तर पुडीचं माप कमी करून एका वेळी कमी कॉफी करा. पेपरची शिवण दुमडून बसवली नाही तर तो कलंडतो आणि पूड कडेने जगात उतरते, तेही पाहून घ्या.

वेळ वाढत चालला, फसफस आवाज, मध्येच थांबणं

क्षार. वीज मोजणारा प्लग हे चवीच्या आधी दाखवतो: पूर्वी सलग असलेल्या वॅटच्या रेषेत मध्ये मध्ये खड्डे दिसू लागतात. नळीच्या आत क्षारांचा थर बसल्याने उष्णता पाण्यात जात नाही, हीटर जास्त तापतो आणि टाकीत पाणी असतानाच थर्मोस्टॅट त्याला तोडतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व २० ग्रॅम, एक लिटर पाण्यात. एक तृतीयांश पाणी वर आलं की बंद करा, वीस मिनिटं राहू द्या, पुन्हा थोडं चालवा, पुन्हा थांबा, मग संपवा. नंतर दोनदा साध्या पाण्याने. रात्रभर आत ठेवू नका, बऱ्याच मशीनमधली नळी ॲल्युमिनियमची असते. व्हिनेगरनेही क्षार निघतात, पण त्याचा वास काही दिवस कॉफीत राहतो. या कामाआधी सगळे स्वयंचलित नियम बंद ठेवा, म्हणजे मधली विश्रांती प्लग मोडणार नाही.

पाण्याशिवाय चालू होऊ नये म्हणून

आत थर्मोस्टॅट असतो, तो निकामी झाला तर थर्मल फ्यूज असतो. पण त्यांच्यावर रोज भिस्त ठेवायची नसते. सगळ्यात भरवशाची सोय मशीनवरच आहे: ते खट्‌ करणारं बटण. रात्री पाणी आणि पूड भरल्यावरच ते चालू करा, सकाळी जग उचलताना बंद करा. विसरलात तर प्लग सहाला चालू होईल, मशीन होणार नाही. होम असिस्टंटमध्ये याच्या जोडीला ‘भरलं आहे’ असा एक टॉगल ठेवता येतो: तो चालू असेल तरच नियम चालेल आणि एकदा कॉफी झाली की आपोआप बंद होईल. शिवाय प्लगच्या आत वेळेची मर्यादा घाला, म्हणजे वायफाय मध्येच तुटलं तरी प्लग अडकून राहणार नाही. टास्मोटामध्ये ही सेटिंग पल्सटाइम नावाची आहे; पल्सटाइम १९०० म्हणजे अर्धा तास. १११ च्या वरच्या आकड्यातून १०० वजा करून उरतात ते सेकंद. मशीनच्या वर कपाट असेल तर ते वाफेच्या वाटेत येत नाही ना, एवढंही पाहा.

एस्प्रेसो मशीनला प्लग लावणाऱ्यांनी त्याच्याकडून फक्त तापवण्याचं काम घ्यावं. यांत्रिक बटणाचं मशीन पोर्टाफिल्टर (पूड भरायचा दांड्याचा कप) रिकामा अडकवून, उठण्याच्या २० ते २५ मिनिटं आधी चालू करा. दळणं आणि दाबणं सकाळीच. हाताने ओतून करणाऱ्यांसाठीही हीच विभागणी सर्वांत चांगली चव देते: खटक्याची किटली रात्री भरून बटण दाबून ठेवायची, प्लग बंद. अलार्म वाजला की प्लग चालू होतो, पाणी उकळलं की किटलीचा खटका स्वतःच पडतो, आणि तोवर तुम्ही ३० ग्रॅम बीन्स दळून घेतलेल्या असतात.